बारवेच्या पायरीवरची डबी

१

मुंजाजी गुरवाची आरोळी आली तेव्हा मी नागप्पाकाकांच्या परसात राखुंडीनं दात घासत होतो.

"शेट, ओ शेट! पळा! वीरुपाक्षाची कापडं बारवंवर हायती आन् मानसाचा पत्ता न्हाई!"

राखुंडी मी थुंकायच्या ऐवजी गिळली. मी मुळातच भित्रा माणूस. साप निघाला म्हटलं की लोक काठी शोधतात, मी आधी दार शोधतो. त्यात ते साल सत्तेचाळीसचं. दिवाळी होऊन गेली होती, पण चारठाण्यात कुणी फटाका उडवला नव्हता. दिवस मावळला की रझाकारांच्या धास्तीनं गावाची दारं लागायची, आणि दिवसाउजेडीसुद्धा माणसं आधी मागं वळून बघायची आणि मग बोलायची. तरी मी धावलो. वीरुपाक्ष माझा दोस्त होता, नागप्पाकाकांचा मुलगा.

देवळामागची बारव जुनी, चौकोनी, चारी अंगांनी पायऱ्या उतरत गेलेली. तळाशी हिरवं, गप्प पाणी. पाण्यालगतच्या पायरीवर धोतर, सदरा आणि पायताणं नीट मांडून ठेवलेली होती. सदऱ्यावर दोऱ्यासकट एक चांदीची डबी होती. आणखी काही नव्हतं.

डबी दिसताच जमलेली माणसं मागं सरली. नागप्पाकाकांचं घर लिंगायत. त्यांच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते माणूस मातीआड होईपर्यंत. लिंग डबीत असतं, डबी छातीवर. रोज ते तळहातावर घेऊन पुजल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याच्या डबीला तर बोटही लावायचं नाही. मुंजाजीनंही लावलं नव्हतं.

वीरुपाक्षाची आई चन्नबसम्माकाकू एकट्याच पायऱ्या उतरल्या. डबी त्यांनी पदरात घेतली, पाण्याकडं पाहिलं आणि अशा ओरडल्या की देवळावरची कबुतरं उडाली.

"लिंग काढून आंघूळ करंल व्हय माझं लेकरू? हे त्यानं काढलंच न्हाई! दुसऱ्या कुनीतरी काढलंय! मारलं रे, मारलं माझ्या लेकराला!"

सगळ्या माना एकदम वळल्या. माझ्याकडं.

२

का वळल्या ते सांगतो.

वीरुपाक्ष आणि मी हैदराबादेत होस्टेलच्या एका खोलीत राहून बी. एस्सी. झालो. तो चारठाण्याच्या दुकानदाराचा, मी पिंगळीच्या शेतकऱ्याचा. त्या साली सरकारनं आमच्या भागासाठी एकच वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, काढला होता. शास्त्र आणि गणित शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधरानं वर्षभर हैदराबादेत शिकवण्याची तालीम घ्यायची, खर्च सरकारचा, आणि मग इकडच्या शाळांत येऊन शिकवायचं. माझ्या घरी पदवी म्हणजे काय ते कुणाला कळत नव्हतं, पण वजीफा हा शब्द आईपासून सालगड्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. मला तो हवाच होता. शिकवणं सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि नांगर धरला तर बैलसुद्धा हसतात.

वजीफ्याला एक शेपूट होतं. घेणाऱ्यानं मुचलका लिहून द्यायचा आणि बापानं जामीन राहायचं. पोरगा तालीम किंवा नोकरी सोडून गेला, तर बापाचं घरदार जप्त.

निवड करायला शिक्षणखात्याचे दिनकरराव आले होते. गणिताचा माणूस. बोलणं कमी, आणि समोरच्याचं उत्तर संपल्यावरही त्याच्याकडं बघत राहायची सवय, म्हणजे समोरचा आपणहून आणखी चुकतो. चारठाण्याच्या शाळेत आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर एकेक पाठ द्यायचा, असं ठरलं. पाठासाठी मी वीरुपाक्षाच्याच घरी उतरलो होतो.

मी लंबक शिकवला. त्यासाठी वीरुपाक्षाचं घड्याळ मागून घेतलं होतं. पाठ बरा झाला, एवढंच. मग वीरुपाक्ष उठला आणि पोरांना घेऊन थेट देवळासमोरच्या उंच खांबापाशी गेला. हातात एक काठी, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि जमिनीवर दोन सावल्या. काठीच्या सावलीवरून त्यानं पोरांकडून खांबाची उंची काढून घेतली. पोरं घरी जायला तयार होईनात. दिनकररावांनी तिथंच सांगितलं, "वीरुपाक्ष. उद्या सकाळी वडिलांना घेऊन या, सह्या करू."

नाव ऐकून वीरुपाक्षाचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आनंदानं.

परतताना मी धुसफुसत होतो. हेडमास्तर किशनराव बरोबर होते, त्यांच्यादेखत मी बोलून गेलो, "तू मधे नसतास ना, तर हा वजीफा माझा होता." वीरुपाक्ष हसला. "मग समज, मी नाहीच," तो म्हणाला. गणितं सोडवताना आमचं हे नेहमीचं बोलणं, समजा अमुक नाहीच. घरी आल्यावर मी त्याला घड्याळ परत द्यायला गेलो, तर म्हणाला, "असू दे तुझ्याकडं."

आता ते घड्याळ अमीनसाहेबांच्या तळहातावर होतं, माझ्या पिशवीतून निघालेलं.

अमीनसाहेब म्हणजे जिंतूरचे पोलीस अंमलदार. आठवडाभर ते चारठाण्याच्या चावडीतच मुक्कामाला होते. वऱ्हाडाची सरहद्द आमच्याकडून एका दिवसाच्या चालीवर. हैदराबादेतून शिक्षण टाकून आलेली पोरं पलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पांत जाऊन मिळत होती. ज्या घरातलं पोरगं पलीकडं जाई, त्या घरातला बाप इकडं उचलला जाई. शेजारगावच्या एका पाटलाला असंच नेलं होतं. तो अजून परतला नव्हता.

"इधर बघा," अमीनसाहेब शांतपणे म्हणाले. आरडाओरडा करणाऱ्याची मला भीती वाटते, शांत माणसाची जास्त. "दोरा तुटला नाही, सोडला आहे. बाई म्हणते लडका खुद काढणार नाही. बराबर. लिंगायत माणूस मारेल तर लिंगाला असं कपड्यांवर ठेवेल? नहीं. जिसको मालूम नहीं, त्यानं दागिना समजून ठेवलं. रात को घर में परका कौन? तुम. घडी किसके पास? तुम्हारे पास. वजीफा अब किसको?"

मी घड्याळाकडं बघत राहिलो.

"कल सुबह जिंतूर," ते म्हणाले. "लाश मिळो, न मिळो."

३

दिनकरराव मधे पडले नसते तर मला त्याच वेळी चावडीच्या खांबाला बांधलं असतं.

"अमीनसाहेब, माझा एक उमेदवार गेला, दुसरा तुम्ही नेताय. वर काय कळवू मी? आजचा दिवस मला द्या. मुलगा पळणार नाही," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यांकडं बघून पुढं म्हणाले, "पळण्यासारखा दिसतही नाही."

मला नागप्पाकाकांच्या ओसरीवर बसवलं. दारात बंदुकीवाला जवान. ज्या घरातला पोरगा गेला, त्याच घरात त्याचा खुनी म्हणून मी बसलेला. बायका आत जाताना माझ्याकडं बघायच्या आणि पदर ओढून घ्यायच्या. नागप्पाकाका उंबऱ्यापाशी बसून होते. फार सरळ माणूस. त्यांच्या तोंडावर सगळं उमटायचं. गिऱ्हाईक घासाघीस करायच्या आधी त्यांचं तोंड बघून खरा दर ओळखतं, अशी गावात थट्टा होती. त्या दिवशी त्या तोंडावर नुसतं दुःख होतं. राग नव्हता, म्हणून मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

दिनकररावांनी ओसरीवरच एकेकाला बोलावलं. पहिला मुंजाजी.

"गळ टाकून बघितलं?"

"चार डाव टाकला, सायेब. कायबी लागंना. ह्या बारवीचा भरवसा न्हाई. खाली भुयार हाय. मागं पाटलाची म्हस पडली, तिचं शिंग बी वर आलं न्हाई."

"पायरीवरून तू काही उचललंस?"

मुंजाजीचा चेहरा रागानं लाल झाला. "देवाचं पानी भरनारा मानूस मी! म्या उचलीन व्हय? व्हतं ते व्हतं तसं हाय."

"पहाटे कुणी दिसलं?"

"धुकं लय व्हतं. किशनराव मास्तर त्येवढं दिसले, शेताच्या वाटंनं जायलाले. कायतरी काखंत व्हतं."

किशनरावांचा भाचाही वजीफ्याला उभा होता आणि पहिल्याच फेरीत गळाला होता. माझ्या मनात उगाच आशा उगवली. दुसऱ्याच्या गळ्यात फास बसावा म्हणून माणूस असा देव पाण्यात घालतो, याची लाज वाटली, पण आशा गेली नाही.

किशनराव आले ते घाम पुसतच. आमचं रस्त्यातलं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. काखेत काय होतं म्हणताच त्यांनी जवानाकडं पाहिलं, मग दिनकररावांच्या कानाशी लागले. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "नागपुराहून आलेली बंदीची वर्तमानपत्रं हो. शेतात पुरायला गेलतो. अमीन गावात असल्यापासून झोप न्हाई. पाया पडतो साहेब, कुनाला..." दिनकररावांनी त्यांना हातानंच जायला सांगितलं. माझी आशा पुन्हा मावळली.

मग माझी पाळी.

"होस्टेलात तो आंघोळीला जायचा तेव्हा काय काय करायचा?"

हा काय प्रश्न झाला? पण तोंडी परीक्षेत प्रश्नाला प्रश्न करायचा नसतो. "टॉवेल घ्यायचा. चष्मा माझ्याकडं द्यायचा. चष्म्यावाचून त्याला बादली आणि बादलीशेजारचा माणूस सारखाच दिसायचा, म्हणून नळापर्यंत हात धरून न्यावं लागायचं. लिंग मात्र गळ्यातच असायचं. ते कधी काढलेलं मी पाहिलं नाही."

"हं," दिनकरराव म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. आणखी काही चुकू नये म्हणून मी दोन्ही ओठ दाबून धरले.

४

दुपारी ते माजघराच्या उंबऱ्याबाहेर पाट घेऊन बसले. आत काकू. मला ओसरीवरून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाई, डबी कुठं आहे?"

"भितीतल्या देवळीत ठिवली. मठाचे जंगमस्वामी आल्याबिगर उघडायची न्हाई."

"सकाळपासून कुणी उघडली?"

"कोन उघडंल? दुसऱ्याचं लिंग बघत्यात व्हय?"

"तुम्ही तर आई आहात." दिनकरराव म्हणाले. "पायरीवर ठेवताना आपटली असेल. आत धक्का तर लागला नाही ना, तेवढं बघा. मी पाठ फिरवतो. सगळेच फिरवतील."

काकू म्हणाल्या, "फिरवा."

जवानानंसुद्धा पाठ फिरवली. मी भिंतीकडं तोंड केलं. दिनकरराव कशाची तरी वाट बघतायत एवढं मला कळत होतं, आणि ते जे काय असेल त्यावर माझा जीव टांगलेला होता. झाकणाचा बारीक आवाज आला. पुढं काहीच नाही. श्वासाचाही आवाज नाही.

आणि मग काकूंनी जो हंबरडा फोडला, त्यानं जवानाचेही डोळे भरले.

"हाय गं माय! हाय! लिंग हाय माझ्या लेकराचं! जशाला तसं हाय! लेकरू तेवढं न्हाई!"

झाकण बंद झालं. दिनकरराव ओसरीवर आले. त्यांचा चेहरा कोरा होता.

"साहेब?" मी विचारलं.

"बाई म्हणतात, लिंग आहे," ते म्हणाले. "संपलं मग."

आता जिंतूर, आणि जिंतूरच्या पुढं काय ते मला मनातसुद्धा म्हणवेना.

५

दिवेलागणीला शेजारच्या पार्वतीबाईनं भाकरी आणि पिठलं आणून दिलं. त्याला घरात कुणी शिवलं नाही. माझा तर मागायचा प्रश्नच नव्हता.

काकू बाहेर आल्या. हातात ताट. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"जेव रं बाबा. सकाळपासून पोटात कायबी न्हाई तुज्या."

मी ताटाकडं बघतच राहिलो. सकाळी याच बाईनं बारवेवर खुनाची हाक दिली होती. पहिला विचार आला तो विषाचा. माझ्यासारख्याला दुसरा कुठला येणार? पण भूक भीतीपेक्षा निर्लज्ज असते. मी खाल्लं. काकू समोर बसून राहिल्या. घास अडकला तर पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. शेवटी म्हणाल्या, "घोंगडी दिऊ का? थंडी लय पडायली." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून लगबगीनं आत गेल्या. लगेच आतून पुन्हा रडण्याचा आवाज आला, सकाळपेक्षा मोठा.

दिनकरराव खांबाला टेकून हे सगळं बघत होते. ते उठले आणि जवानाला म्हणाले, "ह्याच्या पाठाचे गुण राहिलेत. शाळेत नेतो, तू दाराशी थांब."

६

शाळेत एकच कंदील होता. दिनकररावांनी दार लोटलं, मला फळ्याजवळ उभं केलं आणि इतक्या हळू बोलू लागले की मला वाकावं लागलं.

"पायरीवर काय नव्हतं?"

मी आठवू लागलो. धोतर, सदरा, पायताणं, डबी. आणि मग माझ्या अंगावर काटा आला. "चष्मा."

"आंघोळीला उतरणारा माणूस आधी चष्मा काढतो, तुम्हीच सांगितलंत. खून करणाऱ्यानं कपडे उतरवून मांडले, तर चष्माही मांडला असता. म्हणजे दुसरे कपडे घालून, चष्मा नाकावर घेऊन कुणीतरी धुक्यात चालत गेलं. चष्म्यावाचून त्याला वाट दिसत नाही."

"पण लिंग, साहेब? त्याच्यावाचून तर तो पाणीही पीत नाही. ते टाकून तो जाईलच कसा?"

"जाणारच नाही. मग काय टाकलं त्यानं?"

मला कळायला वेळ लागला. "डबी," मी म्हणालो. "नुसती डबी."

"चांदी टाकली. लिंग फडक्यात बांधून घेऊन गेला. त्याला खात्री होती की परकं कुणी हात लावणार नाही आणि घरचं कुणी उघडणार नाही. कपडे बघून लोकांनी शंका घेतली असती, डबी बघून कोण घेतो? त्याला वाटलं, लोक म्हणतील, पोरगा जीव द्यायला गेला आणि पाण्यात विटाळ नको म्हणून लिंग काढून ठेवून गेला. सगळं बरोबर मांडलं. फक्त आपल्याला आई आहे, हे विसरला. तिनं ते कबूलच केलं नाही. लिंग त्यानं काढलं म्हणण्यापेक्षा तिला खून पटला. आणि खून म्हटला की खुनी हवा."

"पण काकू म्हणाल्या, लिंग आहे."

"सकाळी तुम्हाला खुनी म्हणणारी आई संध्याकाळी तुम्हाला जेवू घालते, घोंगडी विचारते. मधे काय झालं? एकच गोष्ट झाली. तिनं डबी उघडली."

मी मटकन बाकावर बसलो. वीरुपाक्ष जिवंत होता. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि मी सुटणार होतो.

"तो पलीकडं गेला," दिनकरराव म्हणाले. "नाव पुकारलं तेव्हा तो का पांढरा पडला, ते मला आज कळलं. त्याला वाटत होतं वजीफा तुम्हाला मिळेल. सही केली असती तर बाप जामीन, आणि पोरगा गेला की दुकान जप्त. सही न करता पळाला असता, तरी पोरं पळून कुठं जातात ते अमीनाला ठाऊक आहे. बापाला वाचवायचं तर पोरगा मेलेलाच पाहिजे."

मग ते म्हणाले, "आता तुम्ही चावडीत जाऊन हे सांगितलंत, तर डबी उघडतील. तुम्ही लगेच मोकळे. आणि नागप्पा जिंतूरला. नाही सांगितलंत, तर तुम्ही जिंतूरला. मी सरकारचा नोकर आहे. मला हे कळलं नाही असं मी म्हणू शकतो, पण तुम्ही मला तसं म्हणायला सांगितलंत तरच. तुमच्या मानेचा निकाल मी लावणार नाही."

खरं सांगतो, मला धावत सुटावंसं वाटलं. मला जगायचं होतं. वीरुपाक्षाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी अमीनाचं म्हणणं खरं करून दाखवलं असतं. आणि त्याच वेळी उंबऱ्यावर बसलेले नागप्पाकाका दिसत होते.

"सकाळपर्यंत," मी कसंबसं म्हणालो.

७

सकाळी चावडीसमोर सगळं गाव जमलं होतं. जवानानं माझ्या हाताला दोरी बांधायला घेतली. अमीनसाहेबांनी विचारलं, "कुछ बोलना है?"

दिनकरराव माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते मला आजही सांगता येत नाही.

"थांबा, सायेब!"

माणसांतून वाट काढत चन्नबसम्माकाकू पुढं आल्या. त्यांच्या मागं नागप्पाकाका, गोंधळलेले.

"त्या पोराला सोडा. त्येनं कायबी केलं न्हाई. मी काल खोटं बोलले."

अमीनसाहेबांनी हात वर केला. जवान थांबला.

"माझ्या लेकानं सोताच्या हातानं लिंग काढलं. माझ्याम्होरं. पाटं उठला, म्हनला, माय, मला ह्यो मुचलका झेपत न्हाई, हे शिकवनं झेपत न्हाई. दोरा सोडला आन् ग्येला. मी आडवलं न्हाई. मला वाटलं, रागं भरलाय, यील माघारी."

गर्दीत कुजबूज उठली आणि विरली. लिंग सोडणं म्हणजे काय, ते तिथं लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्याच भाऊबंदातले दोघेतिघे खाली बघत उठले आणि निघून गेले.

"तो कल चिल्लाई क्यों?" अमीनसाहेबांनी विचारलं.

काकूंनी पदर सावरला. "लिंग सोडून मेलेल्याची माय म्हनून जगन्यापरीस, मारून टाकलेल्याची माय बरी. आसं वाटलं, सायेब. पन परक्या मायचं लेकरू फासावर जातंय, ते मला बघवंना."

अमीनसाहेब दिनकररावांकडं वळले.

"बाई म्हणतात ते जुळतं," दिनकरराव सावकाश म्हणाले. "नाव पुकारलं तेव्हा तो घाबरला होता, मी पाहिलं. दोरा तुटलेला नाही, सोडलेला आहे, तुम्हीच दाखवलंत. घड्याळ त्यानं आदल्या दिवशी पाठासाठी दिलं होतं, ते माझ्यासमोर वापरलं."

अमीनसाहेबांनी पुन्हा एकदा काकूंकडं पाहिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे. एवढ्या लोकांत, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या लेकाला असा बट्टा कोणती आई लावेल? "खुदकुशी," ते जवानाला म्हणाले. "खोल दो."

दोरी सुटली. माझे हात तरीही तसेच जुळलेले राहिले.

दिनकररावांची बैलगाडी निघायच्या तयारीत होती. वजीफा आता माझ्या नावानं, मुचलका पिंगळीला माझ्या वडिलांसमोर. "वीरुपाक्षाचा पाठ विसरू नका," एवढंच ते मला म्हणाले. "त्याच्याइतका बरा शिकवायला तुम्हाला पुष्कळ दिवस लागतील."

गाडीत चढणार तोच नागप्पाकाका आले. दाढी वाढलेली, धोतर चुरगळलेलं. दुकानाची किल्ली हातात होती, पण दुकान उघडायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून मला दारात उभ्या काकू दिसल्या. मी डोळ्यांनीच विचारलं, सांगू का? त्यांनी मान हलवली, नाही. नवऱ्याच्या तोंडावर सगळं उमटतं, आणि अमीन अजून गावातच होता. त्यांना सांगता येत नव्हतं. कधी सांगता येईल, तेही ठाऊक नव्हतं.

"बाळ, तू त्याचा दोस्त," काका म्हणाले. "दोरा सोडताना हात कसा उचलला रं त्याचा? तुला काय बोलला व्हता का?"

"नाही काका. मला काही बोलला नाही."

"मला बी न्हाई." ते किल्लीकडं बघत राहिले. "मठात आता त्याचं नाव घ्याचं न्हाई म्हनत्यात. लिंग सोडल्याल्याचं घेत न्हाईत. तू शिकल्याला हायस, म्हनून इचारतो. घरात घेतलं तर चालंल का रं? मनातल्या मनात?"

मागं दारात काकूंनी पदर तोंडात कोंबला.

"चालेल काका," मी म्हणालो. "मोठ्यानं घ्या. रोज घ्या."